परीक्षेला बसलेला टॉवेल

मी टॉवेल बोलतोय. एकेकाळी आंघोळीचा होतो. कापडाच्या नशिबात बढती नसते. आधी अंग पुसायचं, मग हात, मग ओटा, आणि शेवटी दारात पडून आल्यागेल्याचे पाय. मी ओट्यापर्यंत उतरलो होतो, तेव्हा माझ्या मालकांनी कुत्रा पाळायचं पुन्हा मनावर घेतलं.

लहानपणी त्यांनी आईकडे कुत्रा मागितला होता. आई म्हणाली, "आधी तुझा दमा सांभाळ." लग्नानंतर बायकोकडे मागितला. बाईही तेच म्हणाल्या. केसाळ जनावर जवळ आलं की मालकांचे डोळे सुजायचे आणि छातीत पेटी वाजायला लागायची. मग ते छापखान्यातून निवृत्त झाले आणि दिवसभर घरात बसून बाईंना भाजी कशी चिरावी ते शिकवू लागले. तेव्हा बाईच म्हणाल्या, "अहो, यापेक्षा कुत्रा परवडला."

मालकांचा दमा बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कासव सुचवलं. मालकांनी दुकानात जाऊन कासव पाहिलं. कासवानेही मालकांना पाहिलं. दोघांनाही काही वाटलं नाही.

"बरं, मग असं करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुत्रा एकदम घरी आणू नका. जुनं फडकं त्याच्या अंगावरून चांगलं फिरवा, ते उशीवर घालून झोपा आणि काय होतं ते बघा." बाईंनी मला ओट्यावरून उचललं. उतारवयात नोकरी लागली म्हणायची.

भटक्या जनावरांच्या निवाऱ्यात एक तपकिरी, म्हातारा कुत्रा होता. वय झालं म्हणून त्याला कोणी नेत नव्हतं. तो मात्र येणाऱ्या प्रत्येकाला हुंगून तपासायचा आणि पसंत पडला नाही की पाठ फिरवायचा. जाळीपलीकडच्या मालकांना त्याने हुंगलं आणि तो तिथेच बसला. "आमच्या छापखान्यातला मुकादम अस्सा होता," मालक म्हणाले. झालं, नाव पडलं. निवाऱ्यातल्या ताईंनी मला मुकादमाच्या अंगावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवलं.

मी केसांनी आणि वासाने भरून घरी आलो. आता बाईंची स्वच्छता सांगायला हवी. दुकानातून आणलेली साबणाची वडीसुद्धा त्या आधी धुऊन घेतात. त्यांनी मला दारातच दोन बोटांत धरलं, कढत पाण्यात बुडवलं, घासलं, उन्हात वाळवलं, इस्त्री केली आणि मग उशीवर अंथरलं. मालक ढाराढूर झोपले. रोज झोपले.

"साधी शिंकसुद्धा नाही," बाईंनी डॉक्टरीणबाईंना कळवलं. मी सांगितलं असतं, पण टॉवेलाला तोंड नसतं.

मुकादम घरी आला. त्याने सगळ्या खोल्या तपासल्या आणि मालकांच्या पावलांवर हनुवटी टेकवून झोपला. मालक हलले नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांचे डोळे बंद व्हायला आले, आणि सकाळी त्यांना एक वाक्य पुरं करता येईना. तरी म्हणत होते, "धूळ... असेल."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "फडकं तसंच ठेवलं होतं ना?"

"तसंच कसं ठेवणार?" बाई म्हणाल्या. "स्वच्छ धुऊन ठेवलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग बाईंना कळलं, केसांबरोबर आपण परीक्षाच धुऊन टाकली होती.

मुकादमाला परत जावं लागलं. मालकांनी उशीवरून मला काढलं आणि त्याच्याबरोबर दिलं. ते दाराआड जाऊन रडले. दम्याच्या माणसाला धड रडताही येत नाही, मध्येच धाप लागते.

निवाऱ्यात मुकादम अन्नाला तोंड लावेना. ताईंनी मला त्याच्या भांड्याशेजारी अंथरलं. त्याने माझ्यात नाक खुपसलं, मालकांचा वास घेतला आणि जेवला. पुढे माझ्याशिवाय जेवेना. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वासाला आयुष्य असतं. रोज तो जरा जास्त वेळ शोधायचा. एके दिवशी त्याने मला इकडून हुंगलं, तिकडून हुंगलं आणि भांड्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. म्हातारं जनावर, किती तग धरणार? ताईंनी बाईंना फोन केला.

बाई आल्या. हातातली पिशवी त्यांनी अंगापासून लांब धरली होती. आतून मालकांचा बनियन निघाला, मळका, घामाचा.

"धुतलेला नाही," बाई खाली बघत म्हणाल्या. "मुद्दामच. संपला वास की सांगा, दुसरा आणते."

मुकादमाने बनियन हुंगला. मग उठला, आणि भांडं चाटूनपुसून लख्ख केलं. नंतर त्याने बाईंचे हात तपासले आणि चाटले. हात धुवायला नळ कुठे आहे, हे बाईंनी विचारलं नाही. त्या दारापर्यंत गेल्या. रस्त्यापलीकडे मालक नाकाला रुमाल लावून उभे होते. बाईंनी त्यांना मोठ्याने सांगितलं, "जेवला हो."

तुम्हाला ॲलर्जी असेल आणि जनावर आणायचं मनात असेल, तर फडकं जसं येईल तसंच उशीवर ठेवा. माझं एवढंच सांगणं आहे.

मला आता धुतलंत तरी चालेल.