अकरा उघड्या नोंदी

या, असे पुढे सरकून बसा. ही गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे. मागे बसाल तर अर्धीच ऐकू येईल, आणि अर्धी ऐकून उगाच कुणावर तरी राग धराल. पुरती ऐका. राग धरावा असं हिच्यात कुणी नाही.

आकडेताई खाटा मोजत होती. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी नुसत्या नजरेनं मोजल्या होत्या. आता प्रत्येक खाटेच्या लोखंडी दांडीला पेन्सिल टेकवत ती चालली होती. शेवटच्या खाटेपाशी भिंत आली. चोवीस. तिनं हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागदाच्या मते या निवाऱ्यात पस्तीस माणसं राहत होती.

"मावशी, एका खाटेवर दीड माणूस झोपवता का तुम्ही?"

मावशी उशीला अभ्रा चढवत होती. मान वर न करता म्हणाली, "झोपवला असता, पण उरलेला अर्धा फार घोरतो."

आकडेताईला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. संस्थेच्या मुख्य कचेरीत बसून बेघरांच्या चार निवाऱ्यांचे अहवाल काढायचे आणि त्यांतल्या चुका दुरुस्त करायच्या, हे तिचं काम. आकडेताई हे नाव इथल्याच कुणीतरी पाडलेलं. तीन निवाऱ्यांचे अहवाल सकाळीच गेले होते. हा चौथा संध्याकाळी पाचपर्यंत सरकारी खात्याकडे पोचायला हवा होता. वर्षभरात निवारा सोडून गेलेल्यांपैकी शंभरात साठ जण तरी स्वतःच्या छताखाली गेले पाहिजेत, असा खात्याचा नियम. मागच्या वर्षी हा निवारा त्या रेषेच्या खाली राहिला होता. यंदाही राहिला, तर निवारा बंद आणि चोवीस माणसं गावाबाहेरच्या मोठ्या शेडमध्ये. कागदावर एकोणपन्नास टक्के दिसत होते.

"अकरा माणसं जास्त आहेत," ती मावशीच्या शेजारी खाटेवर बसत म्हणाली. "अकरा जणांच्या नोंदी उघड्या आहेत, पण माणसं इथं नाहीत. गेली कुठं?"

"आपापल्या घरी गेली की."

"मग नोंद बंद का नाही केली?"

मावशीनं उशी ठोकून सारखी केली, खाटेवर ठेवली, आणि मग उगाच पुन्हा उचलली. "ज्यांच्या घरी भाऊ आहे, मुलगी आहे, त्यांची त्याच दिवशी बंद करते. हे अकरा एकटे राहायला गेलेत, बाई. नोंद बंद केली आणि महिन्यानं घाबरून परत आले, तर त्यांनी पुन्हा रांगेत उभं राहायचं? पुन्हा फोटो, पुन्हा अंगठा, पुन्हा 'तुमचं कोण कोण आहे' म्हणून विचारायचं? मला नाही जमत. नोंद उघडी असली की म्हणता येतं, आत ये, तुझं नाव आहे इथं."

"अहो, पण त्यामुळे ते गेल्यांत धरले जात नाहीत! घरी गेलेलेच मोजायचे राहून गेले."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. तीस वर्षं निवारा सांभाळलेली बाई, पण या घटकेला तिचा चेहरा शाळेत बाकावर उभं केलेल्या मुलीसारखा झाला.

"म्हणजे मीच गळा कापला का आपला?"

"अजून नाही," आकडेताईनं मांडीवर संगणक उघडला. "एकेकाचं सांगा. कोण, कधी, कुठे. आणि कशावरून."

मावशीनं कपाटातून एक वही आणली, कोपरे झिजलेली, रबर लावलेली. दर रविवारी अकरा वाजता ती फोन घेऊन बसायची आणि एकेकाला फोन करायची. वहीत तारीख आणि एकेक ओळ. आकडेताई वाचत गेली. 'शिवणवाली. खिडकीला पडदा केला. आवाज बरा.' 'मोठा पहारेकरी. शेजारी कटकट करतात. तरी तिथंच.' 'मास्तर. झोप लागत नाही म्हणाले, फार शांत आहे म्हणे. रेडिओ चालू ठेवा सांगितलं.' पुढच्या रविवारी: 'मास्तर. झोपले.'

दुपारपर्यंत दहा नोंदी बंद झाल्या. प्रत्येकापुढे घराचा पत्ता, भाड्याचा कागद किंवा मावशीनं स्वतः जाऊन पाहिलेली खोली. अकरावी नोंद छत्रीवाल्या काकांची होती.

"यांचं सांगा."

मावशीनं रबर बोटाला गुंडाळलं. "छत्र्या दुरुस्त करायचे. एका कानानं कमी ऐकायचे. वसंतात एक दिवस म्हणाले, मावशी, खोली मिळाली, निघतो. पत्ता दिला नाही. फोन नव्हताच."

"म्हणजे खोली मिळाली."

"म्हणाले तसं."

आकडेताईनं आकडे मांडले. नोंदी बंद केल्यावर वर्षात गेलेले पन्नास. काकांना सोडून घरी गेलेले एकोणतीस. अठ्ठावन्न टक्के. काका घरी गेले असं धरलं, तर तीस. बरोबर साठ. तिनं संस्थेच्या व्यवस्थापकांना फोन लावला आणि मावशीलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"अहो मग अडलंय कुठं?" व्यवस्थापक म्हणाले. गेले पंधरा दिवस ते नीट जेवले नव्हते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. "माणूस स्वतःच्या तोंडानं सांगून गेला, खोली मिळाली. लिहा, घरी गेला. आपण काही खोटं रचत नाही. एका माणसाचा प्रश्न आहे, ताई. चोवीस जणांचं बघा."

फोन बंद झाला. पडद्यावर काकांच्या नावापुढे दोनच पर्याय उरले होते: 'स्वतःच्या घरी' आणि 'ठाऊक नाही'. बाण पहिल्यावर जाऊन थांबला.

"ठाऊक नाही लिहिलं की पुढं काय होतं?" मावशीनं विचारलं.

"नाव फिरत्या पथकाच्या यादीत जातं. ते रस्त्यांवर शोधतात. पुलाखाली, दवाखान्यांत."

"आणि घरी गेला लिहिलं की?"

"काही नाही. घरी गेलेल्या माणसाला कोण शोधणार?"

मावशीनं वही मिटून मांडीवर घेतली. खाली आवारात कुणीतरी बादल्या घासत होतं, तेवढाच आवाज.

"पोरी, ते खोली मिळाली म्हणाले ना, तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते. दाराकडे बघून बोलले. त्या आठवड्यात दोघे जण नवे आले होते, खाट नव्हती. आपण जागा अडवून बसलोय असं वाटलं असणार त्यांना." तिनं रबर वहीवर परत चढवलं. "मला तेव्हाच कळलं होतं. आणि मी जाऊ दिलं. आता तुझ्या त्या यंत्रात पण घरी पाठवलं, तर देवाला काय सांगू?"

"निवारा गेला तर?"

"गेला तर त्या शेडमध्ये जाईन चोवीस जणांबरोबर. तिथं पण उशा लागतातच."

आकडेताईनं 'ठाऊक नाही'वर टिचकी मारली. अठ्ठावन्न. आकडा लाल झाला. तिनं चष्मा काढून पुसला. त्याची गरज नव्हती.

आता फक्त अहवाल पाठवायचा होता. पाठवण्याआधी शेवटचं पान एकदा नजरेखालून घालायचं, ही तिची सवय. त्या पानावर एक रकाना असतो: 'सहा महिन्यांनंतर त्याच छताखाली आहे का?' तिच्या नोकरीला नऊ वर्षं झाली होती, आणि त्या नऊ वर्षांत चारही निवाऱ्यांचा तो रकाना कोराच गेलेला. गेलेल्या माणसाचं सहा महिन्यांनी काय झालं, हे कुणाला माहीत असतं? सगळेच तो वगळतात. खातंही विचारत नाही.

तिचा हात थांबला. मग तिनं मावशीच्या मांडीवरून वही ओढून घेतली.

"अगं, काय झालं?"

"शिवणवाली कधी गेली?"

"झाले की आठ महिने."

"आणि परवाच्या रविवारी तिथंच?"

"पडदा धुतला म्हणाली."

दहांपैकी सात जणांना सहा महिने उलटून गेले होते. सातही जण जिथं गेले तिथंच होते. आकडेताई एकेक तारीख तपासून भरत गेली आणि खाली तिनं टीप लिहिली: अकरा नोंदी वेळेवर बंद झाल्या नाहीत, चूक आमची आहे, त्यांतला एक माणूस कुठे आहे ते आम्हाला ठाऊक नाही, सोबत वहीच्या पानांचे फोटो. पाचाला वीस मिनिटं कमी असताना तिनं अहवाल पाठवला.

मावशीनं उरलेल्या उशांना अभ्रे चढवायला घेतले. आकडेताईनंही एक उशी ओढली. आकडेताईचा अभ्रा उलटा चढला.

"आकड्यात हुशार आहेस," मावशी म्हणाली, आणि तो तिच्याकडून घेऊन सुलटा केला.

पाचाच्या सुमारास फोन वाजला. खात्यातल्या तपासनीस बाई होत्या.

"शेवटच्या पानावरचा तो रकाना तुमच्याकडून चुकून भरला गेलाय का?"

"नाही, मॅडम."

"तो कुणीच भरत नाही."

"हो."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ. फोटोच वाचत असाव्यात.

"हे मास्तर कोण?" बाईंनी विचारलं. आवाज थोडा बदलला होता. "झोप न लागणारे?"

"इथंच राहायचे. आता लागते त्यांना."

"अठ्ठावन्न आहेत तुमचे. साठ लागतात, हे मी विसरलेले नाही." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "निवारा बंद करायचा कागद आज माझ्यापुढे सहीला आहे. तो मी सोमवारपर्यंत बाजूला ठेवते. सोमवारी वही घेऊन या. आणि ती लिहिणाऱ्या बाईंनाही आणा. बाकीच्या निवाऱ्यांनी हे कसं करायचं, ते त्यांच्याकडूनच समजून घेऊ."

आकडेताईनं निरोप सांगितला. मावशी पदरानं हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

"सोमवारी जाऊ," ती म्हणाली. "पण त्याआधी रविवार आहे. माझे फोन व्हायचेत."

फिरत्या पथकाची यादी दुसऱ्या दिवशी सकाळी छापून निघाली. तिच्यात एक नाव वाढलेलं होतं. पुढचं माझ्यापर्यंत अजून आलेलं नाही, म्हणून इथंच थांबतो. तुम्ही उठून आपापल्या घरी जाल, देवाची कृपा. जाताना एवढं करा. वाटेत कुठे छत्र्यांच्या काड्या सरळ करत बसलेला म्हातारा दिसला, तर जरा वाकून, मोठ्यानं बोला. एका कानानं कमी ऐकतात ते. म्हणावं, तुम्ही कुणाचीही जागा अडवली नव्हती. आणि नाही भेटले, तरी आज दिवा मालवण्याआधी एकदा त्यांची आठवण काढा.