नावं पुकारणारी

“मी नाही पुकारत नावं, काका. जिजाबाईले म्हणा,” कामिनी म्हणाली.

केशवरावांनी मफलरवर बोट ठेवून मान हलवली. उमरेडच्या एसटी स्टँडवर आयुष्यभर गाड्या आणि इथे दरवेळी नावं पुकारलेला त्यांचा आवाज नेमका काल बसला, आणि आज रथसप्तमी. मानेवाड्याच्या मैदानात सतरंज्या पसरून चाळीसेक माणसं एकशे आठ सूर्यनमस्कारांसाठी थंडीत उभी होती. एकाने सूर्याचं नाव पुकारायचं, मग नमस्काराच्या एकेका स्थितीचा आकडा म्हणायचा; बाकीच्यांनी नमस्कार घालायचा. बारा नावं संपली की पुन्हा पहिलं.

“मले नोका सांगू बाप्पा! नमस्कार घालता घालताच माह्या दम सुटते,” जिजाबाई म्हणाली. “पुकार वं कामिनी. पोरीपुढे लाजून राहिली का?”

पोरगी, अपेक्षा, मैदानाच्या कडेला स्कूटीवर बसली होती. तिला बंगळुरूला नोकरी लागली होती आणि आजच होकार कळवायचा होता. “तुले सोडून मी नाही जात,” हे तिने महिनाभर लावून धरलं होतं. कामिनीने काल एवढंच म्हटलं, “उद्या मैदानावर ये. मले पाह्य. मग ठरव.”

अपेक्षाची भीती खोटी नव्हती. ती तिसरीत असताना कामिनीने पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून अंथरूण धरलं. फॉल-पिकोचं मशीन महिनोन्‌महिने झाकलेलं राही. शाळेतून आली की मुलगी दप्तर न काढता आधी आईजवळ जाई आणि तिचा श्वास चालू आहे का, ते पाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप आली. उठावंसं वाटणं आलं नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या जिजाबाईने तिला हाताला धरून इथे ओढत आणलं. पहिल्या दिवशी ती एका नमस्कारात गुडघे टेकून बसली आणि तिथेच रडली.

केशवरावांनी सांत्वन केलं नाही. म्हणाले, “मन म्हणजे स्टँड. उदासीची गाडी लागणारच. बोर्ड वाचायचा, सुटेपर्यंत पाहायचं. चढायचं नाही.” याला साक्षीभाव म्हणतात, हे तिला नंतर कळलं. गाडी सुटते, हे आधी कळलं. अंगातून घाम निघाला की लवकर सुटते, हेही. गोळी अजून होती, पण अर्धी.

“मित्राय नमः,” कामिनीने पुकारलं.

“मोठ्यानं वं! सूर्य का बाजूच्या गल्लीत राहते?” जिजाबाई ओरडली.

“रवये नमः!”

चाळीस पाठी एकदम वाकल्या. तिच्या शब्दावर खाली गेल्या, तिच्या शब्दावर वर आल्या. दुसऱ्या आवर्तनात आवाज मोकळा झाला, तिसऱ्यात रस्त्यावरचा दूधवाला सायकल थांबवून पाहू लागला. घरांच्या छपरांवरून ऊन मैदानात उतरलं. तिला वाटलं, हे आपणच बोलावून आणलं.

मग चौथ्या आवर्तनात ‘हिरण्यगर्भाय’नंतर ती ‘रवये’वर गेली. सातव्यावरून दुसऱ्यावर. तिला कळलं नाही. पुन्हा सातवं आलं, पुन्हा रवये. नावं पुकारणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही, येईल त्या नावाला नमस्कार घालायचा, अशी इथली शिस्त. माणसं घालत राहिली. काखेतून एकमेकांकडे पाहत राहिली. तिसऱ्यांदा रवये आलं, तेव्हा “चार”ला सगळे हातापायांवर ताठ असताना जिजाबाईने शिस्त मोडली.

“कामिनी, सूर्य बुडाले आला, तरी तुह्यं आवर्तन सरत नाही वं!”

कामिनी थांबली. पुढचा आकडा येईना. छातीत ओळखीचा गारठा शिरला. तुला जमत नाही. पोरीने पाहिलं. आता ती कुठेच जाणार नाही.

अपेक्षा पाण्याची बाटली घेऊन धावत निघाली होती. कामिनीने बोर्ड वाचला. गाडी तीच होती. तिने तळहात वर करून मुलीला होती तिथेच थांबवलं आणि एक मोठा श्वास सोडला.

“बाई, पाच तर म्हणा! हात मोडून राहिले नं!” मागून कोणीतरी ओरडलं.

आणि कामिनीला हसू फुटलं. चाळीस माणसं तिच्या एका आकड्यासाठी लटकलेली! ती पोट धरून हसली. बाटली हातात धरून अपेक्षा पाहतच राहिली. आईचं हे हसणं तिने कधी ऐकलं नव्हतं.

“पाच!” कामिनी ओरडली. तो नमस्कार पुरा झाला आणि तिने आठवं नाव पुकारलं, “मरीचये नमः!”

मैदानात आरोळी उठली. नंतर एकही नाव चुकलं नाही. शेवटच्या नमस्काराला केशवराव बसक्या घशाने ओरडले; आवाज निघालाच नाही, पण तोंड सगळ्यांनी पाहिलं.

अपेक्षा जवळ आली. बराच वेळ फोनवर काहीतरी टाइप करत राहिली.

“कळवलं,” ती म्हणाली. “पंधरा दिवसांनी बोलावून राहिले. इथल्या ऑफिसले उशीर होते आता. तू येशील नं एकटी?”

“येतो मी. तू जाय.”

अपेक्षाने स्कूटीचा आरसा स्वतःकडे वळवून केस नीट केले आणि निघाली. कोपऱ्यावर ती वळून पाहील म्हणून कामिनी हात वर करून उभी राहिली. स्कूटी तशीच वळली आणि दिसेनाशी झाली. कामिनीने हात हळूच खाली आणला, सतरंजीचं एक टोक उचललं आणि दुसरं धरायला जिजाबाईला हाक मारली.