बारावं पान

संक्रांत झाली अन् सेलूजवळच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, पटांगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. मांडवात कुणी बाबा नव्हता. पाटावर होता छापील अहवाल, हळदकुंकू वाहिलेला. इथल्या दम्याच्या शंभर पोरांपैकी ब्याण्णव पोरं डॉक्टरांच्या औषधी पुडीनं बरी झाली, असं त्यात आहे म्हणे. वाचला कुणीच नव्हता; बाया नारळ ठेवून पाया पडत होत्या.

"विज्ञान हाच खरा चमत्कार!" अहवाल लिहिणारे डॉक्टर माइकवर गरजले. "दमा कापसाच्या धुळीनं होत नाही, आईच्या उष्ण दुधानं होतो. सरकारी गोळ्या फेका, पुडी घ्या!"

शेजारी जिनिंगचे मालक माणिकराव भक्तिभावानं मान डोलवत होते. शिक्षिका सुमनबाईंना शिसारी आली. त्यांच्या वर्गातली रत्ना समोरच आईच्या मांडीवर धापा टाकत होती. आई पंचफुला इथलीच मजूर. शाळा सुटली की पोर कापसाच्या ढिगावर निजायची. आठ दिवसांपूर्वी पंचफुलानं पुडीच्या भरवशावर तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

बाई तडक मंचावर चढल्या. "डॉक्टर, पोरं कधी तपासली?"

"वैशाखात. का?"

"वैशाखात जिनिंग बंद असतं! धूळ नाही तर दमा आपसूक उतरणारच. माझा हजेरीपट बघा. ही पोरं दिवाळी ते होळी आजारी, जूनमध्ये ठणठणीत. पुडी नव्हती तेव्हाही!" त्यांनी पाटावरचा अहवाल उचलला. "हा अकराव्या पानावर अर्ध्या वाक्यात संपतो. बारावं पान फाडून वाटलाय. ज्या मासिकात हा छापला, त्याचा मूळ अंक मी परभणीहून आणलाय. त्यातलं बारावं पान ऐका: 'सर्व खर्च माणिकरावांच्या जिनिंगनं केला. लेखक पुडीच्या कारखान्यात भागीदार आहेत.'"

"ती किरकोळ बाब आहे," डॉक्टर पुटपुटले.

"लेकरांच्या श्वासावर धंदा करता, अन् किरकोळ? थू तुमच्या डॉक्टरकीवर!" बाई लोकांकडं वळल्या. "छापलंय म्हणून हात जोडू नका. संशोधनाला पैसा कुणी दिला, फायदा कुणाचा, हे आधी विचारा. अन् लेकरांच्या गोळ्या आजच सुरू करा."

पंचफुला उठली. मालकासमोर तिनं कधी मान वर केली नव्हती.

"मालक, धुळीनं काई होत न्हाई म्हनता ना? मंग आज माझ्या पोरीच्या जागी तुमची नात निजवा."

माणिकराव गाडीकडं चालू लागले. पंचफुलानं रत्नाला खांद्यावर घेतलं आणि सरकारी दवाखान्याची वाट धरली.