सारवलेली भिंत

लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या हर्षदाला नाद एकच, कुंभारमाशीचा. गोठ्याच्या भिंतीवर ही माशी चिखलाची चिमुकली मडकी घडवते, आत अंडं घालते, अळी कोंबते आणि तोंड लिंपून टाकते. शाळेतून आली की हर्षदा दप्तरासकट त्या भिंतीपुढे ठाण मांडायची. ‘उनाडक्या’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाला तिनं हेच कळवलं, आणि समीक्षाताई कॅमेरा घेऊन यायला तयार झाल्या. दर भागाच्या शेवटी त्या सांगत, “आता टीव्ही बंद करा आणि बाहेर पडा!” त्यावर हर्षदाची आई रंजना म्हणे, “टीव्ही बंद करा म्हनून सांगाया टीव्हीच लागतुया व्हय!”

पण पाहुणे येणार म्हटल्यावर रंजनाच्या अंगात वारं संचारलं. चार शहरी माणसं येणार आणि गोठा तसाच? छे! पाहुणे यायच्या दिवशी हर्षदा शाळेत गेली तशी तिनं उलथन्यानं भिंत खरवडली आणि शेणमातीनं अशी सारवली की बघत राहावं.

दुपारी हर्षदा आली ती थेट गोठ्यात.

“आये, माजी मडकी कुटं गेली?”

“त्ये चिखलाचं खपलं? काडलं की. टीव्हीत कसं दिसलं असतं?”

हर्षदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. राग तर असा आला की ओरडावंसं वाटलं. पण आईचे हात कोपरापर्यंत मातीचे, आणि चेहरा कौतुकाची वाट बघणारा. तेवढ्यात गाडी दारात येऊन थांबली.

समीक्षाताईंनी कोरी भिंत बघितली. “मग दाखवायचं काय गं?” त्या हळूच म्हणाल्या. पुढच्या चित्रणासाठी लोणावळ्यात चिक्कीची वेष्टनं जमवणारा गौरव नटूनथटून बसला होता. ऊन उतरायच्या आत तिथं पोचायचं होतं.

हर्षदानं डोळे पुसले. आईनं माती कालवलेली जागा अजून ओली होती.

“ताई, जाऊ नगा. घर मोडलं तरी ती परत बांदती. हितं तर चिखल आयता हाय. यील ती. मी रोज बगते.”

आवाजात विनवणी नव्हती, खात्री होती. समीक्षाताई खाली बसल्या.

माशी आली. ओल्या मातीची गोळी उचलून ती वाळलेल्या भिंतीवर गेली आणि कडं घडवायला लागली. पुन्हा खाली, पुन्हा वर. कॅमेरा सुरू होता, आणि मागून रंजनाचा आवाज फुटला, “म्या तुजं घर मोडलं गं बाई!”

“आये, बस हितं. बोलू नगो,” म्हणत हर्षदानं तिला पदर धरून शेजारी बसवलं.

चित्रण संपलं. सामान गाडीत गेलं, चुलीवरचा चहा उकळून उकळून आटला.

“आये, पाव्हणं निगालं!” हर्षदानं दारातून हाक मारली.

रंजनानं भिंतीकडची मान वळवली नाही. “जाऊ दे त्यास्नी. हिच्या मडक्याचं तोंड लिंपायचं ऱ्हायलंय अजून.”