जांभळी माशी

सकाळी साडेसहाला घड्याळजींच्या गळाला मासा लागला आणि दोरी तोडून गेला. पाहणारं कोणी नव्हतं. धरणाखालच्या नदीवर धुकं इतकं दाट होतं, की घड्याळजींना स्वतःचे बूटही दिसत नव्हते.

विश्रामगृहात नाश्त्याला ते आले ते ओल्या विजारीनंच.

"अगं, हा एवढा!" त्यांनी हात पसरले. शेजारच्या टेबलावरची साखरेची बरणी पडता पडता वाचली. "तुझी जांभळी माशी ओठात घेऊन गेला. जाताना वळून बघितलं माझ्याकडे."

"सुटून तासभर झाला, अजून वाढतोच आहे वाटतं," लेक म्हणाली. हसली मात्र नाही.

गळाला बांधायच्या खोट्या माश्या बायकोच करायची, पिसांच्या आणि रेशमी दोऱ्याच्या. जांभळी एकच होती. डबीतला तिचा खण रिकामा झालेला तिनं पाहिला होता. पण हल्ली यांच्या हातून काय हरवत नव्हतं? गेल्या महिन्यात एक जुनं गिऱ्हाईक आपल्या घड्याळांच्या दुकानात गप्पा मारून गेलं, असं ते सांगत होते. ते गिऱ्हाईक वारून वर्षं लोटली होती. तेव्हापासून लेकीनं धोशा लावला होता: दुकान बंद करा, बाबांना माझ्याकडे आणा. ही सहल संपली की आईनं दुकानाची किल्ली तिच्या हाती द्यायची, असं ठरलंही होतं.

दुपारी तिघं धरण आतून बघायला गेली. वीज करणारी चाकं जमिनीखाली फिरत होती. दिसत काहीच नव्हतं, नुसती फरशी घुमत होती. झोपलेल्या प्रचंड जनावराच्या पाठीवरून चालावं तसं घड्याळजी हलकेच पावलं टाकत होते. मग पिवळं हेल्मेट घातलेल्या माहितगार बाईनं सगळ्यांना एका भिंतीसमोर आणलं. भिंतीत काच होती, काचेमागे हिरवं पाणी.

"हा माशांचा जिना. खालच्या नदीतून वर जायला त्यांना ही एकच वाट. एकेक टाकी चढत येतात आणि या काचेसमोरून जातात. कुणी दुपारी पोचतं, कुणी दुसऱ्या दिवशी."

बायकोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सकाळचा मासा खरा असेल, तर तोही इथूनच जाणार. ओठात जांभळी माशी घेऊन. ती बाकावर बसली ती बसलीच.

मासे येत होते. प्रवाहात तोंड करून क्षणभर तरंगायचे, ना पुढे ना मागे, जणू कुणी लंबक बोटानं धरून ठेवलाय; मग शेपटी हलायची आणि काच रिकामी. हिरवा उजेड तिघांच्या चेहऱ्यांवरून वाहत होता. ती प्रत्येक माशाच्या ओठांकडे बघत होती. लग्न ठरताना तिनं नवऱ्यालाही इतकं निरखलं नव्हतं.

"अहो, येईल ना तो?"

"कोण यायचंय?" घड्याळजींनी विचारलं.

लेकीनं ऐकलं. तिनं आईकडे बघितलं. घड्याळजी काचेकडे बघून हसत होते. थट्टा केली की खरंच विसरले, बायकोला सांगता येईना.

"आई," लेक हळूच म्हणाली, "किल्ली दे. उगीच जीव जाळू नकोस."

"तुझा लहानपणीचा गोंड्यांचा झगा आठवतो?"

"आता तो कुठून आला मध्येच?"

"त्याच्याच गोंड्याचा दोरा होता त्या माशीला. जांभळा."

"तो झगा तू अजून ठेवलायस?"

"झगा कुठला! गोंडे तेवढे."

लेकीचा पुढे केलेला हात तसाच राहिला. मग ती आईशेजारी बसली. "सरक जरा," म्हणाली, आणि काचेकडे तोंड केलं. एक मोठा मासा आला, रेंगाळला. दोघी एकदमच पुढे झुकल्या. त्याचं तोंड पलीकडच्या बाजूला होतं. वळेल असं वाटलं, तोच गेला.

"बघितलंत?" घड्याळजी म्हणाले.

सहा वाजता काचेमागचा दिवा मालवला. तोवर जांभळी माशी कुणालाच दिसली नव्हती. किल्ली आईच्या पर्समध्येच होती. लेक तिकीट खिडकीशी उभी राहून धरण बघायची उद्याची पहिली फेरी किती वाजता असते ते विचारत होती.