चुलीपुढचा कूड

मित्रांनो, मी एक जुना कूड आहे. खरे तर आता अर्धाच उरलो आहे. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या बांधून, त्यांवर शेणमाती लिंपून केलेली भिंत. माझ्या काठ्या माथेरानच्या उतारावर वाढल्या. तिथे कारवीला सात-आठ वर्षांतून एकदाच जांभळी फुले येतात. ती येऊन गेल्यावर येसाजीने मला तोडले, भारे डोक्यावर घेऊन चौक या गावाजवळच्या आपल्या खेड्यात आणले आणि घरात उभे केले. माझ्या एका अंगाला चूल होती, दुसऱ्या अंगाला जेवायची जागा.

चाळीस वर्षे मी तिथे उभा होतो. येसाजी म्हातारा झाला. त्याचा मुलगा सहदेव शेती पाहू लागला. सहदेवची बायको गौराबाई आणि मुलगी सुंदरा, असे चार माणसांचे घर होते.

गौराबाई मला दरवर्षी हाताने लिंपायची. फक्त खाली, बसल्या माणसाच्या डोळ्याशी, तळहाताएवढे एक भोक पडले होते, ते ती कधी बुजवत नसे. “त्यातून मला ताटं दिसतात,” असे ती म्हणायची. येसाजी आणि सहदेव जेवताना काही मागत नसत. मागणे त्यांना कमीपणाचे वाटे. गौराबाई चुलीपाशी बसून पाहत राही आणि ज्याचा भात संपत आला त्याला वाढी.

सगळ्यांचे झाल्यावर ती चुलीपाशी एकटी जेवायला बसे. तेव्हा पलीकडून सुंदरा त्या भोकाला डोळा लावी.

“आये, नुसत्या चटणीवर काय जेवतेस? भात घे की.”

“घेतला गं.”

“कुठं? मला तर दिसत नाय.”

“फौजदार हायस का गं तू?” असे म्हणून गौराबाई हसे आणि दोन मुठी भात वाढून घेई. रोज असेच होई. मला त्यात विशेष काही वाटत नसे.

सुंदरा सोळा वर्षांची झाली. खोपोलीच्या वीजघरात कामाला असलेल्या एका मुलाकडून तिला मागणी आली. मार्गशीर्षात त्याच्या घरची माणसे जेवायला येणार होती. माझ्या फटींतून निम्मा धूर जेवायच्या जागेत जाई, याची सुंदराला लाज वाटू लागली.

“पावने डोळं पुशीत जेवायचे का, आज्या?” ती येसाजीला म्हणाली.

“पुसू दे की. पोरगी न्यायला आलेत, जरा रडू दे त्यांना बी.”

सुंदराने पाय आपटले. सहदेव हसला आणि विटांची भिंत घालायचे ठरले.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झाला होता. सहदेवच्या हाती पैसा नव्हता, आणि भट्टीवाल्याला पैशापेक्षा धान्य हवे होते. कणगीत नुकतेच नवे भात भरले होते. त्यातले पाच मण भात गौराबाईने विटांसाठी मोजून दिले.

“वरीस निघंल का गं?” सहदेवने विचारले.

“काढीन मी,” ती म्हणाली.

बाकीचे सगळे काटकसरीत झाले. जमिनीसाठी ओढ्याकाठचा मुरूम आणून घरच्यांनीच चोपला. माथेरानच्या एका हॉटेलाने टाकून दिलेले मोडके टेबल सहदेवने डोक्यावरून खाली आणले आणि त्याचे पाट केले. माझ्या निम्म्या काठ्या चुलीत गेल्या. उरलेला मी मागच्या परसात, भांडी घासायच्या जागी आडोसा म्हणून बांधला गेलो.

भिंत चढत असताना गौराबाई शुक्रा गवंड्याला म्हणाली, “शुक्राभावजी, खाली एक वीट सोडा. तेवढं भोक ऱ्हाऊ द्या.”

“वयनी, भोक ठेवायला भिंत बांधतात व्हय?”

सगळे हसले. सुंदराही हसली. गौराबाई पुढची वीट उचलून त्याच्या हाती देऊ लागली.

पाहुणे आले, जेवले, आणि घर किती नेटके आहे असे म्हणाले. लग्न वैशाखात ठरले. सुंदराच्या आनंदाला सीमा राहिली नाही. धूर मात्र कमी झाला नव्हता. पूर्वी निम्मा पलीकडे जाई, तो आता सगळा गौराबाईच्या वाट्याला आला.

मित्रांनो, परसात बांधलेल्या मला आणखी एक गोष्ट दिसू लागली. घासायला तीनच ताटे येत. गौराबाई माझ्या आडोशाला बसून भाताच्या पेजेचे पाणी वाटीभर पिई, मग राख घेऊन ती तीन ताटे घाशी. आतून सुंदरा विचारी, “आये, जेवलीस का गं?” ती ओठ पुसून उत्तर देई, “जेवले गं.” पाच मण भात कणगीतून गेले होते, आणि वर्ष असे निघत होते.

शेजारची ठकी एकदा म्हणाली, “गौराबाय, बांगड्या कोपरापर्यंत चढतात गं तुझ्या.”

“लग्नाचं काम हाय ना,” गौराबाई म्हणाली.

मी सारे पाहत होतो. पण मी कूड. मला एकेकाळी भोक होते, तोंड कधीच नव्हते.

सुंदरा वैशाखात सासरी गेली. आषाढात गौराबाईला ताप आला. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, “तापाचं औषध देतो, पण अंगात झुंजायला काही उरलेलं नाही. बाईंनी महिनोन्‌महिने पोटभर खाल्लेलं दिसत नाही.”

“आमच्यात रोज भात शिजतो, डॉक्टर,” सहदेव म्हणाला. त्याचा त्यावर खरोखर विश्वास होता. श्रावण लागण्याआधी गौराबाई गेली.

दहाव्यानंतर सुंदराने भांडी मागे आणली. फळीवरची सगळी पितळी ताटे काढली होती. दोन लखलखत होती, तिचे स्वतःचे ती सासरी गेल्यापासून जरा मंदावले होते. चौथे हिरवट-काळे पडले होते. कित्येक महिन्यांत त्याला राख लागली नव्हती. सुंदरा ते मांडीवर घेऊन बसली. पाठीमागे मी होतो. ती माझ्याकडे वळली आणि माझ्या खालच्या काठ्यांवरून हात फिरवू लागली. ते भोक तिथे नव्हते. तो भाग कधीच जळून गेला होता.

मित्रांनो, धूर वाईटच असतो, आणि घर नीट करावे यात काही चूक नाही. पण स्वयंपाकघर बदलताना, जी बाई तिथे दिवस काढते तिला आधी विचारा, आणि ती काही मागत असेल तर हसू नका. तुमचे जेवण झाल्यावर ‘जेवलीस का’ असे बसल्या जागेवरून विचारू नका. उठून आत जा. तिचे ताट पाहा. ते रिकामे असले, तर तिचे जेवून झाले आहे की ती अजून बसलीच नाही, हे नीट पाहा. आणि ती वाढून घेईपर्यंत तिथून हलू नका.