फक्कीची भिंत

शिरूरच्या बाजारपेठेत, खताच्या दुकानाच्या वर आमचा स्टुडिओ आहे. अनुपमा, इंद्रजीत आणि मी, असे तिघं आर्किटेक्ट. पाटीवर ‘सहभागातून वास्तुरचना’ असं लिहिलंय, त्यामुळे अधूनमधून बायका बचत गटाची चौकशी करायला वर येतात.

आमची पद्धत साधी. राहणाऱ्याला विचारल्याशिवाय रेघ ओढायची नाही, आणि एक जरी माणूस नाही म्हणाला तरी नकाशा पुढे सरकवायचा नाही. दौंडला तीन भावांचा बंगला आम्ही असाच केला. त्याला तीन जिने आहेत. गच्चीवर जाणारा एकही नाही, कारण गच्ची कुणाची यावर एकमत झालं नाही.

सणसवाडीचं काम हौसरावआप्पांचं. कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. शेजारी त्यांची जुनी चाळ होतीच. अनुपमा म्हणाली, “आप्पा, आधी चाळीतल्या भाडेकरूंना विचारूया.”

बैलाचं मत घेऊन मग नांगर जुंपा, असं कुणी सांगितल्यासारखं आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “इचारा की म्याडम. इचारल्यानं काय खोली झिजती व्हय?”

चांगुणा आम्हाला त्या चाळीत भेटली. नवरा भैरू कायम रात्रपाळीला, त्यामुळे दिवसा खोलीत झोपलेला. पोरगी दीड वर्षाची, म्हणजे गप्प बसण्याच्या वयाची नव्हे. एकच खोली. भैरू सकाळी आला की चांगुणा पोरगी कडेवर घेऊन बाहेर पडायची आणि दुपार कलेपर्यंत किराणा दुकानाच्या ओट्यावर, सावली सरकेल तशी सरकत बसायची. गेल्या उन्हाळ्यात पोरीला ऊन लागून सलाईन लावावं लागलं होतं.

“मला एक भिंत पायजे,” पहिल्याच बैठकीत ती म्हणाली. “मागं चार फुटाची जागा, मधी भिंत, भिंतीला दार. हे झोपले की मी आन् पोरगी मागं. बास, दुसरं काय बी नगं.”

अनुपमाला भरून आलं. एवढा स्वच्छ नकाशा आम्हा तिघांना पंधरा वर्षांत काढता आला नव्हता.

नकाशा सगळ्यांना कळत नाही, म्हणून आम्ही खोली जागेवरच खऱ्या मापात आखतो. क्रिकेटच्या मैदानावर मारतात त्या पांढऱ्या फक्कीने भिंती, दारं, सगळं. मग लोकांनी त्यात तासभर राहून बघायचं. त्यासाठी आम्ही गुरुवार धरला, कारण इकडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. भैरू दिवसाचा जागा असायचा आणि चांगुणाला स्वतःच्या घरात बसता यायचं, असा आठवड्यातला तो एकच दिवस. हे आमच्या लक्षात आलं नाही असं नाही, पण बाकी सगळ्यांची सोय होती.

दहा बाय चौदाची खोली आखली. मागून चार फुटांवर चांगुणाची भिंत. ती आत जाऊन उभी राहिली, दाराच्या जागी हात फिरवला, पोरीला खाली ठेवलं. “हितं स्टो,” म्हणाली. भैरू पुढच्या भागात आडवा झाला आणि डोळे मिटले. “आवाज येतोय का वो?” तिने विचारलं. “भिंतच न्हाई तर येनारच की,” तो म्हणाला. सगळे हसले. तीही हसली.

इथवर ठीक होतं. पण सहभाग म्हटला की सगळ्यांचा, म्हणून अनुपमाने चाळीत राहणाऱ्या उत्तर भारतातल्या पोरांनाही बोलावलं होतं. इंद्रजीत त्यांना म्हणाला, “भय्या, रोज सोते हो वैसे सोके दिखाओ.” पोरं आज्ञाधारक. पाच जण एका ओळीत झोपले. राहिलेले चौघं उभे होते, त्यांनी विचारलं, “सर, इधर भी सो जाएँ?” आणि भिंतीवरून आत गेले. भिंत त्यांच्या पायांनी पुसली.

“ओ, भिंतीवर पाय हाय तुमचा!” चांगुणा ओरडली.

आप्पा इतका वेळ बाभळीखाली तंबाखू मळत होते. ते उठून आले, बोट नाचवत खोलीत सात उभे आणि दोन आडवे झोपलेले मोजले, आणि फार शांतपणे म्हणाले, “नऊ मावत्यात.”

एका खोलीत किती भाडेकरू बसतात, याचं संशोधन आम्हीच त्यांना करून दिलं होतं.

“आरं, भिंत पायजे का तुमाला?” आप्पांनी पोरांना विचारलं. आमची पद्धत त्यांनी एका सकाळीत उचलली होती.

“दीवार का क्या करेंगे, काका? पैर नहीं फैलेंगे.”

नऊ विरुद्ध एक. दुसरा कुणी असता तर मत घेऊन मोकळा झाला असता. पण आम्ही बहुमत मानत नाही. सगळ्यांचं एकमत लागतं, म्हणजे त्या एकीलाच समजवावं लागतं, आणि ते काम माझ्याकडे आलं.

“मी न्हाई म्हनले तर?” चांगुणाने विचारलं.

“तर पुढच्या गुरुवारी पुन्हा बसू. तुमच्या मताला पूर्ण किंमत आहे, ताई.”

पुढच्या गुरुवारी बसलो. त्याच्या पुढच्या गुरुवारी पावसाने बैठक लांबली आणि संध्याकाळ झाली. तिसऱ्या गुरुवारी भैरू स्वतः आला आणि माझ्यासमोर तिला म्हणाला, “सुट्टीचा एक दिस असतो गं. दे सोडून.” तिने नकाशावर सही केली. नकाशात भिंत नव्हती. खाली आम्ही लिहिलं, सर्वानुमते.

खोल्या झाल्या. देखण्या आहेत, एका मासिकात फोटो आले. आप्पांनी त्या फक्त एकट्या पोरांना दिल्या, माणशी भाड्याने. “फॅमिली परवडत न्हाई आता,” ते म्हणाले, आणि जुन्या चाळीच्या भिंती काढून तिथंही तसंच करायचं काम आम्हालाच दिलं. अनुपमा म्हणाली, तिथल्या लोकांना विचारायला हवं.

म्हणून मी चांगुणाकडे गेलो. ती बोचकी बांधत होती. ओठावर बोट ठेवून बाहेर आली आणि दार हळूच ओढून घेतलं.

“कोरेगाव भीमाला खोली बघितलीया,” ती हळू आवाजात म्हणाली. “ह्याच्यापेक्षा ल्हान हाय.”

“मालक कसा आहे?”

“काय म्हाईत. पर कुनाला काय इचारत न्हाई म्हनं,” ती म्हणाली, आणि पोरीला कडेवर घेऊन दुकानाच्या ओट्याकडे चालू लागली.